कळफलकाची किल्ली कोणाच्या हाती?

लिनक्सच्या डेस्कटॉपवरील कळफलकाची व्यवस्था गेल्या दोन दशकांत तीनदा पायापासून बदलली. तिन्ही बदलांमागे सबळ तांत्रिक कारणे होती. मात्र तिन्ही वेळा त्यांची झळ सर्वप्रथम लागली ती इंग्रजीखेरीज आणखी एखादी भाषा लिहिणाऱ्यांना. एक्स ११ चा निरोप समारंभ सुरू असताना मराठी वापरकर्त्यानेही या इतिहासाकडे पाहणे अगत्याचे आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘ग्नोम’ या मुक्त स्रोत डेस्कटॉपची ‘४९’ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर खिडक्या, मेनू, सेटिंग्ज असे जे जे दिसते, ते उभे करण्याचे काम ही आज्ञावली करते. या आवृत्तीत ‘एक्स ११’ या जुन्या चित्रप्रणालीवर चालणारे सत्र मुळातच बंद ठेवण्यात आले. पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये आलेल्या उबुंटू २५.१० आणि फेडोरा ४३ या आवृत्त्यांनी ग्नोमपुरता हा पर्याय काढूनच टाकला. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जन्मलेली आणि १९८७ पासून युनिक्सच्या जगावर राज्य करणारी ही प्रणाली अशा रीतीने ‘वेलँड’ या नव्या प्रणालीला जागा देऊन बाजूला झाली.

या घडामोडीची चर्चा झाली ती प्रामुख्याने ग्राफिक कार्डे, पडद्याची स्पष्टता आणि सुरक्षितता यांच्या अंगाने. कळफलकाचा उल्लेख तळटीपेपुरता राहिला. वास्तविक रोजच्या वापरात सर्वाधिक फरक तिथेच पडतो. ‘सेटएक्सकेबीमॅप’ आणि ‘एक्समॉडमॅप’ या दोन आज्ञांच्या बळावर हजारो लोकांनी आपापले कळफलक मनाजोगते बसवून घेतले होते. कोणी कॅप्स लॉकला कंट्रोल कळेचे काम दिले होते, कोणी उजव्या आल्ट कळेवर भाषा बदलण्याची सोय केली होती, कोणी एखादे दुर्मीळ चिन्ह रिकाम्या कळेवर बसवले होते. वेलँडवर या आज्ञा दिल्या तर त्या चालतात. परंतु त्यांचा परिणाम जुन्या धाटणीच्या प्रोग्रॅमांपुरताच उरतो. नव्या प्रोग्रॅमांना त्यांचा पत्ताही नसतो. आज्ञा मोडली असती, तर निदान चूक दिसली असती. ती अर्धवट पाळली जाते, ही खरी पंचाईत आहे.

कळ दाबल्यावर काय घडते?

हा प्रश्न समजून घ्यायचा तर कळफलक आणि अक्षर यांच्यामध्ये किती टप्पे असतात, ते पाहावे लागेल. कळेवर कोणतेही अक्षर छापलेले असो, संगणकापर्यंत पोहोचतो तो केवळ एक क्रमांक. लिनक्सचा गाभा तो क्रमांक घेतो आणि वर पाठवतो. दुसऱ्या टप्प्यावर ‘एक्सकेबी’ नावाची मांडण्यांची सारणी असते. अमुक क्रमांकाची कळ दाबली तर ‘के’ समजावे, शिफ्टसह दाबली तर मोठे ‘के’ समजावे, देवनागरी मांडणी चालू असेल तर ‘क’ किंवा ‘ख’ समजावे, हा निवाडा ही सारणी करते. इंग्रजीचा प्रवास इथे संपतो.

चिनी किंवा जपानी भाषेला मात्र एवढ्याने भागत नाही. हजारो चिन्हांसाठी तितक्या कळा असू शकत नाहीत. त्यामुळे उच्चार टंकित करायचा, संगणकाने पर्याय सुचवायचे आणि लिहिणाऱ्याने त्यांतला एक निवडायचा, अशी तिसऱ्या टप्प्याची योजना करावी लागते. तिला ‘इनपुट मेथड’ म्हणतात. लिनक्सवर ‘आयबस’ आणि ‘एफसीटिक्स’ या तिच्या दोन प्रमुख व्यवस्था.

मराठी या दोहोंच्या मध्ये उभी आहे. देवनागरीची मुळाक्षरे कळफलकावर सहज मावतात, म्हणून दुसऱ्या टप्प्यावर काम निभावते. पण पूर्णांशाने नाही. भारत सरकारने प्रमाणित केलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत शिफ्ट आणि सातच्या कळेवर ‘क्ष’, पाचच्या कळेवर ‘ज्ञ’, सहाच्या कळेवर ‘त्र’ आणि आठच्या कळेवर ‘श्र’ आहे. युनिकोडच्या दृष्टीने ‘क्ष’ हे एक अक्षर नाही. ‘क’, हलन्त आणि ‘ष’ अशी ती तीन चिन्हांची साखळी आहे. एक्सकेबीच्या सारणीत मात्र सामान्यतः एका कळेला एकच चिन्ह देता येते. परिणामी त्या टप्प्यावरील मराठी मांडणीत ‘क्ष’साठी तिन्ही चिन्हे सुटी टंकित करावी लागतात. तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे आयबसमधून ‘एम१७एन’ या बहुभाषिक संग्रहातील इन्स्क्रिप्ट निवडली, तर एकाच कळेने ‘क्ष’ उमटतो. रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे मराठी लिहिण्याच्या पद्धतींना तर हा तिसरा टप्पा अनिवार्यच असतो. मराठी संकेतस्थळांवर एके काळी लोकप्रिय झालेल्या ‘गमभन’ची पद्धतही या संग्रहात आहे.

म्हणजेच मराठी वापरकर्त्याचे नशीब दोन्ही टप्प्यांशी बांधलेले आहे. डेस्कटॉपचे रचनाकार दुसऱ्या टप्प्याला हात लावोत की तिसऱ्या, धक्का इथे पोहोचतोच.

फायलीतली एक ओळ

सन २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कळफलकाची सर्व व्यवस्था एका फायलीत असे. ‘एक्सऑर्ग’ची ती फाइल उघडून त्यात मांडणीचे नाव लिहायचे, एवढेच काम. ज्याला ती फाइल ठाऊक नाही त्याला ते कधीच जमत नसे आणि ज्याला ठाऊक आहे त्याला दुसऱ्या कशाची गरज भासत नसे. संगणक चालू असताना यूएसबी कळफलक जोडला तर काय, या प्रश्नाला मात्र त्या फायलीपाशी उत्तर नव्हते.

ते उत्तर शोधताना पहिला मोठा बदल झाला. साधने आपोआप ओळखण्याचे काम आधी ‘हॅल’ नावाच्या मध्यस्थाकडे आणि २०१० च्या सुमारास त्याला निवृत्त करून ‘यूडेव्ह’कडे सोपवण्यात आले. या स्थित्यंतरात, ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या उबुंटू ८.१० पासून, जुन्या फायलीतील कळफलकाची नोंद विचारात घेणेच बंद झाले. नोंद जागेवर होती, पण तिला कोणी विचारीत नव्हते. शिवाय कळांचे क्रमांक मोजण्याची पद्धत बदलली. ज्यांच्या डेस्कटॉपने जुन्या पद्धतीची नोंद जपून ठेवली होती त्यांना विचित्र अनुभव आले. वरच्या दिशेच्या बाणाची कळ दाबली की ओळ वर जाण्याऐवजी पडद्याचे छायाचित्र निघू लागले. कारण नव्या पद्धतीत बाणाला मिळालेला क्रमांक जुन्या पद्धतीत ‘प्रिंट स्क्रीन’चा होता.

याच काळातील आणखी एक उदाहरण बोलके आहे. कंट्रोल, आल्ट आणि बॅकस्पेस या तीन कळा एकत्र दाबल्या की अडकून पडलेले संपूर्ण सत्र बंद होत असे. चुकून दाबल्या गेल्या तर सर्व काम पाण्यात जाई. एप्रिल २००९ मधील उबुंटू ९.०४ पासून ही सोय मुळात बंद ठेवण्यात आली आणि पुढे ती कळफलकाच्या ऐच्छिक पर्यायांत गेली. नवख्यांच्या दृष्टीने निर्णय रास्त होता. जुन्याजाणत्यांच्या दृष्टीने मात्र अडीअडचणीला हाताशी असलेला दोर कोणीतरी न विचारता कापला होता. पुढील सर्व वादांची बीजे या छोट्या प्रसंगात दिसतात. ज्याला सोय नको आहे त्याला ती धोका वाटते, ज्याला हवी आहे त्याला तिचा अभाव हा अन्याय वाटतो आणि निर्णय घेणारा बहुधा या दोघांपैकी कोणीच नसतो.

दोन याद्यांची एक यादी

सर्वाधिक गाजलेला बदल सप्टेंबर २०१२ मध्ये ग्नोम ३.६ बरोबर आला. तोवर मांडण्या आणि इनपुट मेथड ही दोन स्वतंत्र संस्थाने होती. मांडण्यांचे पान वेगळे, आयबसचा प्रोग्रॅम वेगळा. पडद्याच्या कोपऱ्यात दोन निरनिराळी चिन्हे आणि भाषा बदलण्याच्या दोन निरनिराळ्या कळा. इंग्रजी मांडणीतून आणि मराठी आयबसमधून लिहिणाऱ्याला सध्या नेमके काय चालू आहे, याचा अंदाज दोन्ही चिन्हे पाहूनच बांधावा लागे. ग्नोमने ही संस्थाने खालसा केली. ‘इनपुट सोर्स’ नावाची एकच यादी, एकच चिन्ह, एकच कळ. त्या यादीत इंग्रजी मांडणी आणि मराठी इनपुट मेथड शेजारी शेजारी बसू लागल्या. एक्स ११ मध्ये एका वेळी चारच मांडण्या ठेवता येत. यादी डेस्कटॉपच्या ताब्यात आल्यावर तीही मर्यादा जाचेनाशी झाली.

मराठी वापरकर्त्याचा यात निखळ फायदा होता, हे नमूद केले पाहिजे. तक्रारींच्या गदारोळात ही बाब अनेकदा विसरली जाते.

गदारोळ झाला तो तीन कारणांनी. पहिले कारण, मांडणीचे बारीकसारीक पर्याय दाखवणारी खिडकी मुख्य सेटिंग्जमधून नाहीशी झाली. कॅप्स लॉकचे काय करावे, जोडाक्षरी चिन्हांसाठी कोणती कळ राखावी, असे कितीतरी पर्याय तिथे होते. ते ‘ट्वीक टूल’ या वेगळ्या बसवाव्या लागणाऱ्या प्रोग्रॅमकडे गेले. दुसरे कारण, आयबसला थेट डेस्कटॉपमध्ये गुंफल्यामुळे त्याचे प्रतिस्पर्धी बाहेर पडले. चिनी वापरकर्त्यांत एफसीटिक्सचा मोठा वर्ग होता. एका व्यवस्थेला घरचे स्थान आणि दुसरीला पाहुण्याचेही नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यातच आयबसने आपल्या १.५ मालिकेत इनपुट मेथड ‘चालू-बंद’ करण्याची जुनी रीत सोडून एका स्रोतावरून दुसऱ्यावर जाण्याची रीत स्वीकारली आणि कंट्रोल-स्पेसची सवय मोडली. पूर्व आशियातील टंकलेखकांच्या बोटांत ती सवय वर्षानुवर्षे मुरलेली होती.

तिसरे कारण सर्वांत क्षुल्लक वाटते आणि तेच सर्वांत जिव्हारी लागले. भाषा बदलण्यासाठी आल्ट-शिफ्ट किंवा कंट्रोल-शिफ्ट या जोड्या वापरण्याची सवय रशियन, युक्रेनियन, ग्रीक, हिब्रू अशा अनेक भाषकांना होती. नव्या व्यवस्थेने सुपर म्हणजे विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस ही जोडी पुढे केली. त्याच सुमारास आलेल्या विंडोज ८ मध्येही हीच जोडी होती. पण नुसत्या आल्ट-शिफ्टसारख्या जोड्यांना नव्या व्यवस्थेत धड जागा नव्हती. ऑक्टोबर २०१३ मध्ये उबुंटू १३.१० ने ही व्यवस्था स्वीकारली आणि तक्रारींचा पूर लोटला. आवृत्ती अद्ययावत केल्यावर वर्षानुवर्षांची कळ चालेनाशी झाली, पर्यायी कळ निवडता येईना. दुरुस्त्या आल्या त्या टप्प्याटप्प्याने.

या हट्टामागे तांत्रिक अडचण होती, हेही खरे. कंट्रोल-शिफ्ट दाबताक्षणी भाषा बदलायची असेल, तर कंट्रोल-शिफ्ट-टी हा आदेश देताना पहिल्या दोन कळांवरच भाषा बदलून जाते. भाषा कळ दाबल्यावर बदलावी की सोडल्यावर, हा वाद एक्स प्रणालीत त्याआधीही कित्येक वर्षे रेंगाळला होता. रचनाकारांनी त्या गुंत्यातून बाहेर पडण्यासाठी निराळी जोडी निवडली. मात्र दिवसातून शेकडो वेळा भाषा बदलणाऱ्यासाठी ही जोडी ‘शॉर्टकट’ नसते, ती लिहिण्याच्या क्रियेचाच भाग असते. जो कधीच भाषा बदलत नाही त्याला हा फरक समजावून सांगणे कठीण. इथेच या वादाची खरी गोम आहे.

वेलँडची नवी घटना

तिसरा बदल आज पूर्णत्वास जात आहे. एक्स ११ ची रचना परस्परविश्वासावर आधारलेली होती. पडद्यावरचा कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅमकडे जाणाऱ्या कळा ऐकू शकत असे. बँकेचा परवलीचा शब्द टंकित होत असताना शेजारची खिडकी तो टिपून घेऊ शकते, हे आजच्या काळात कोणालाही मान्य होणार नाही. वेलँडने हा दरवाजा बंद केला. खिडक्यांचा व्यवस्थापक कळा स्वतःच्या हाती घेतो आणि ज्या खिडकीत लिहिणे चालू आहे, तिलाच त्या देतो. मांडणीची सारणीही तोच ठरवतो आणि प्रोग्रॅमांना वाचण्यापुरती देतो.

सत्ता एका जागी आली की सुव्यवस्था येते, तसेच परावलंबित्वही येते. एक्स ११ च्या काळात डेस्कटॉप कोणताही असो, ‘सेटएक्सकेबीमॅप’ ही आज्ञा सर्वत्र चालत असे. वेलँडवर अशी सामाईक आज्ञा नाही. ग्नोमची नोंद ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये, केडीईची केडीईमध्ये, इतर लहान व्यवस्थापकांची त्यांच्या त्यांच्या फायलीत. संपूर्ण यंत्रासाठी केलेली नोंद प्रवेशाच्या पडद्यापुरती किंवा नव्या खात्यापुरती कामी येते. खातेदाराने स्वतःची यादी केली, की ती यादी वरचढ ठरते.

तिसऱ्या टप्प्याची स्थिती अधिक नाजूक आहे. इनपुट मेथडने प्रोग्रॅमशी कसे बोलावे, याचे वेलँडमध्ये एकाहून अधिक करार झाले. ग्नोमने त्यांतला तिसरा मसुदा स्वीकारला, तर क्रोमियमवर आधारलेल्या ब्राउझरांना आणि त्याच पायावरील असंख्य प्रोग्रॅमांना तो आत्मसात करायला बरीच वर्षे लागली. मधल्या काळात वापरकर्त्यांना या प्रोग्रॅमांत आपली भाषा उमटवण्यासाठी आडवळणाच्या युक्त्या कराव्या लागल्या. केडीईच्या वेलँड सत्रात तर आयबस किंवा एफसीटिक्स निवडण्याची जागा ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ या पानावर आहे. पडद्यावरचा कळफलक ज्याला नकोच आहे, तो मराठी लिहिण्याची सोय शोधायला त्या पानावर कशाला जाईल?

दुसऱ्या बाजूला जमेच्या रकमाही आहेत. पूर्वी स्वतःची मांडणी तयार करायची तर यंत्राच्या मूळ फायलींत फेरफार करावा लागे आणि पुढच्या अद्ययावतीकरणात तो पुसला जाई. २०२० पासून ‘लिबएक्सकेबीकॉमन’ या ग्रंथालयाने प्रत्येकाला स्वतःच्या खात्यात स्वतःची मांडणी ठेवण्याची मुभा दिली. ही सोय वेलँडवर चालते, एक्स ११ वर चालत नाही. ग्नोमनेही २०२१ मधील आवृत्ती ४० मध्ये भाषांची यादी ‘प्रदेश व भाषा’ या पानावरून ‘कीबोर्ड’च्या पानावर आणली. ती तिथे असावी, हे सामान्य माणूस नऊ वर्षांपूर्वीही सांगू शकला असता.

मराठीचा हिशेब

मराठीच्या संदर्भात या सर्व बदलांचा हिशेब मांडला तर चित्र संमिश्र दिसते. साधनांचा दुष्काळ नाही. एक्सकेबीच्या संग्रहात मराठीसाठी स्वतंत्र मांडण्या आहेत. त्यांत कन्नडच्या ‘कगप’ पद्धतीवर बेतलेली उच्चारानुसारी मांडणीही आहे. आयबसमधून इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी पद्धती मिळतात. पुण्यात रेड हॅटचे मोठे अभियांत्रिकी केंद्र आहे आणि भारतीय भाषांसाठीचे ‘लोहित’ फॉन्ट याच कंपनीने सांभाळले, वाढवले. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत २००८ साली दाखल झाला. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ यांतील अर्धा ‘र’ नीट उमटावा, यासाठी नियम ठरले.

उणीव आहे ती या साधनांची सांगड टिकण्याची. देवनागरी मांडणी चालू असताना कंट्रोल आणि ‘सी’ दाबले, तर यंत्राला कंट्रोल आणि ‘म’ ऐकू येते. कारण इन्स्क्रिप्टमध्ये ती कळ ‘म’ची आहे. मजकुराची प्रत काढण्याचा आदेश चालावा म्हणून डेस्कटॉपला मागे एखादी रोमन मांडणी तयार ठेवावी लागते आणि प्रोग्रॅमांना तिचा आधार घ्यावा लागतो. एखाद्या बदलात हा दुवा निसटला तर इंग्रजीत लिहिणाऱ्या रचनाकाराला तो कधीच दिसणार नाही. ग्नोमच्या यादीत पारखलेल्या निवडक इनपुट मेथडच मुळात दिसतात; उरलेल्या पाहायच्या तर सेटिंग्जच्या पोटात दडलेला एक पर्याय चालू करावा लागतो. आपली भाषा त्या पारखलेल्या यादीत आहे की नाही, हे त्या भाषेच्या माणसांपैकी कोणी तिथे जाऊन सांगितले की नाही, यावर अवलंबून राहते.

यातून एक व्यावहारिक बोधही निघतो. जो केवळ तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ‘गमभन’सारख्या पद्धतीवर विसंबून आहे, त्याची भाषा त्या टप्प्याबरोबर अडते. ज्याच्या यादीत दुसऱ्या टप्प्यावरील एखादी मराठी मांडणीही आहे, त्याचे ‘क्ष’साठी कष्ट वाढतील, पण पत्र अर्धवट राहणार नाही. तसेच दीर्घकालीन आधार असलेल्या उबुंटू २४.०४ मध्ये एक्स ११ चे सत्र अद्याप उपलब्ध असून त्या आवृत्तीचा नियमित आधार २०२९ पर्यंत आहे. ज्यांच्या रोजच्या कामाचा गाडा मराठी टंकलेखनावर चालतो, त्यांना घाई करण्याचे कारण नाही. सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवर आधारलेली असल्याने तिच्या वापरकर्त्यांपर्यंत हे बदल उशिराने पोहोचतील. पोहोचतील हे मात्र निश्चित.

स्वातंत्र्य आणि हजेरी

मुक्त स्रोताचे समर्थक अशा वेळी एक ठराविक उत्तर देतात. मूळ संहिता खुली आहे, पटत नसेल तर बदलून घ्या. हे उत्तर खोटे नाही. ग्नोमची वाट न पटलेल्यांनी ‘माटे’ आणि ‘सिनॅमन’ हे डेस्कटॉप उभे केले आणि कळफलकाच्या पर्यायांची जुनी खिडकी तिथे पुढेही राहिली. पण कार्यालयात मराठी टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाला किंवा शाळेत संगणक शिकवणाऱ्या शिक्षिकेला संहिता बदलण्याचे स्वातंत्र्य कितीसे उपयोगाचे? आज बंद पडलेली कळ उद्या सकाळी चालावी, एवढीच त्यांची मागणी असते.

उलट बाजूने रचनाकारांनाही खलनायक ठरवता येणार नाही. कळफलकाच्या संहितेवर मन लावून काम करणारी माणसे जगभरात मोजकीच आहेत. शेकडो मांडण्या, डझनावारी लिप्या आणि प्रत्येकाच्या बोटांच्या वेगवेगळ्या सवयी सांभाळताना पर्याय कमी करण्याचा मोह होतो. प्रत्येक पर्याय तपासावा लागतो, आणि ज्याची भाषा त्याच्याखेरीज तो धडपणे तपासू शकणारा दुसरा कोणी नसतो. ‘तऱ्हा’ चुकीचे उमटले आहे, हे बोस्टनमधल्या किंवा बर्लिनमधल्या अभियंत्याने कसे ओळखावे?

२०१३ मध्ये रशियन आणि युक्रेनियन वापरकर्त्यांचा आवाज ऐकला गेला, कारण तो मोठा होता. चिनी वापरकर्त्यांची बाजू उबुंटूने नंतर मनावर घेतली आणि एफसीटिक्सला काही आवृत्त्यांत स्थान दिले, कारण त्या वर्गाची संख्या आणि संघटना दोन्ही डोळ्यांत भरण्यासारखी होती. आपल्याकडे केरळचे उदाहरण आहे. तिथल्या सरकारी शाळांनी मुक्त स्रोत प्रणाली स्वीकारली आणि ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या गटाने फॉन्टपासून ‘स्वनलेखा’ या इनपुट मेथडपर्यंतची साधने स्वतः घडवली, सांभाळली. मलयाळममध्ये काही बिघडले तर ते सांगणारी आणि दुरुस्त करणारी माणसे घरातच आहेत. मराठीत अभियंत्यांची वानवा नाही. पुण्या-मुंबईतील कित्येकांचे पोट याच संहितेवर चालते. परंतु त्यांतले बहुसंख्य कामाच्या वेळी इंग्रजीतच टंकलेखन करतात आणि मराठी भ्रमणध्वनीवर लिहितात. डेस्कटॉपवर मराठी लिहिणारा वर्ग कार्यालये, वृत्तपत्रे, प्रकाशने आणि न्यायालयांच्या आवारात आहे; त्याची तक्रार समोरच्या तंत्रज्ञाजवळ सुरू होते आणि तिथेच संपते.

ग्नोमची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये येते. तिची चाचणी आवृत्ती त्याआधी काही आठवडे सर्वांसाठी खुली असते. त्या काळात कोणी इंग्रजी आणि मराठी या दोन्ही नोंदी यादीत ठेवून ‘क्षमा’, ‘ज्ञान’, ‘तऱ्हा’, ‘ॲड’, ‘बाळ’ असे पाच शब्द ब्राउझरमध्ये, कार्यालयीन प्रोग्रॅममध्ये आणि शोधपट्टीत लिहून पाहिले, भाषा बदलण्याची कळ तपासली आणि बिघाड आढळल्यास तो रीतसर नोंदवला, तर अर्ध्या तासाचे काम आहे. विद्यापीठांच्या संगणक विभागांना किंवा भाषेच्या नावाने चालणाऱ्या संस्थांना वर्षातून दोनदा एवढे सहज करता येईल. आवृत्ती बाहेर पडल्यानंतर त्याच दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने जातात, हे २०१३ ने दाखवून दिले आहे.

एक्स ११ जात आहे आणि ते परत येणार नाही. त्याच्या जागी आलेली व्यवस्था अधिक सुरक्षित आहे, अनेक बाबतींत अधिक नीटनेटकीही आहे. मात्र तिच्यात प्रत्येक कळेचा अर्थ ठरवण्याचा अधिकार पूर्वीपेक्षा कमी हातांत एकवटला आहे. ते हात मराठीचे वैरी नाहीत. त्यांना मराठी येत नाही इतकेच. त्यामुळे ‘क्ष’ची कळ चालते की नाही, हे पुढील प्रत्येक आवृत्तीत कोणीतरी मराठी माणसाने दाबून पाहावे लागेल.